खांदशेकणी

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या घरी बैलांची खांदशेकणी होते. त्या दिवशी बैल जुवाला लावायचे नाहीत. संध्याकाळी त्यांना धुऊन गोठ्यासमोर उभं करायचं, कोमट तुपात कालवलेली हळद पळसाच्या पानानं खांद्यावर लावायची, हलक्या हातानं शेकायचं आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. चिखली तालुक्यातल्या आमच्या गावात हे माझ्या आजोबांच्याही आधीपासून चालत आलंय. लहानपणापासून मी ही हळद लावली, पण एक गोष्ट मला वयाच्या ५२व्या वर्षी लक्षात आली. ज्या जागेला आपण बैलाचा खांदा म्हणतो, ती खरं तर त्याची मान आहे. जू वशिंडाच्या पुढे टेकतं. ओझं मानेवर आणि नाव खांद्याचं. आमच्या बोलीनं मान आणि खांदा कधी वेगळे मानलेच नाहीत. मी मात्र माझ्या शरीरात ते वेगळे मानले आणि दहा वर्षं त्याचा त्रास भोगला.

मी एसटीचा चालक. १९८९ साली स्टेअरिंग हातात घेतलं, २०२२ साली निवृत्त झालो. बुलढाणा जिल्ह्याचे तालुके तेरा, पण आमच्यासाठी जिल्हा दोनच भागांचा: घाटावर आणि घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार घाटावर. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव घाटाखाली. बुलढाणा शहराला रेल्वे नाही. मुंबई-हावडा मार्गावरची गाडी धरायची तर राजूर घाट उतरून मोताळ्यावरून मलकापूर गाठायचं. खामगावला जायचं तर बोथ्याच्या जंगलातून. ही वळणं मी इतक्या वेळा घेतलीत, की डोळे मिटले तरी हातांना कळतात. जुन्या गाड्यांना पॉवर स्टेअरिंग नव्हतं. आपल्याकडे चालक उजव्या बाजूला बसतो. डावा हात गिअरवर जातो-येतो, पण उजवा स्टेअरिंग सोडत नाही. भरलेली गाडी घाटाच्या वळणावर फिरवताना सगळी ओढ उजव्या खांद्यावर येते.

आणि माझा उजवा खांदाच निखळला होता.

पोतं निसटलं तो दिवस

ऑक्टोबर २००६. सोयाबीन काढून झालं होतं. मी सुट्टीवर गावी आलो होतो आणि भावाबरोबर ट्रॉलीत पोती चढवत होतो. साठेक किलोचं एक पोतं फळीवरून निसटलं. ते सोडून द्यायला हवं होतं. मी उजव्या हातानं धरून ठेवलं. हाताला हिसका बसला, काहीतरी सटकल्यासारखं झालं आणि हात लोंबकळू लागला. खांद्याची गोलाई गेली, तिथं खड्डा दिसायला लागला.

शेजारच्या गावात हाडवैद होते. आमच्या घरातल्या तीन पिढ्यांची हाडं त्यांच्या घरानं बसवलेली. त्यांनी हात ओढला, कट असा आवाज आला, खांदा बसला आणि जीव थंड झाला. मी पंधरा दिवस हात गळ्यात बांधून राहिलो, मग कामावर हजर झालो. दुखणं कमी झालं, म्हणजे खांदा बरा झाला असं मी धरून चाललो. एक्स-रे काढला नाही, व्यायाम केला नाही.

आज मला त्यातलं जे कळतं ते सांगतो. खांदा निखळला की तो लवकरात लवकर बसवावाच लागतो, पण बसवण्याआधी आणि नंतर हाड मोडलं आहे का, नस किंवा रक्तवाहिनी दबली आहे का, हे पाहावं लागतं. ते दवाखान्यातच होतं. विशी-बाविशीतल्या पोराचा खांदा एकदा निखळला, की तो पुन्हा पुन्हा निखळण्याचा धोका मोठा. चाळिशीनंतर धोका वेगळा असतो. त्या वयात निखळताना खांद्याभोवतीचे दोर, म्हणजे स्नायूंची टोकं, फाटण्याची शक्यता जास्त. मी तेव्हा ४२ वर्षांचा होतो. माझा दोर फाटला होता आणि मला ते दहा वर्षांनी कळलं.

त्या दहा वर्षांत खुणा दिसत होत्या. गणवेशाचा शर्ट घालताना मी आधी उजवा हात बाहीत सारायला लागलो. फळीवरचा डबा काढताना हात कानापर्यंत गेला की अडायचा. रात्री उजव्या कुशीवर झोपता येईना. झोपेत कूस वळली तर कळ येऊन जाग यायची. बायको म्हणायची, "अहो, एकदा दाखवून तरी या." मी म्हणायचो, "गाडी चालवता येते ना? मग झालं."

मणक्यात गॅप

२०१०च्या सुमारास मान दुखू लागली. आधी घाटातल्या फेरीनंतर रात्री आखडायची, मग सकाळी उठतानाच. उजवीकडे वळून आरशात बघणं नकोसं झालं. मानेच्या मुळापासून निघालेली कळ डोक्याच्या मागच्या बाजूला चढायची.

एक्स-रे काढला. सांगण्यात आलं, "मणक्यात गॅप आहे, झीज झालीय." हे शब्द आपल्याकडे घरोघरी माहीत आहेत. मणका झिजला, नस दबली, गॅप आली. माझ्या गळ्यात पट्टा आला. गोळ्या आल्या, शेक आला, मालिश आली. कुणी सांगितलं म्हणून उशी सोडली, पुन्हा कुणी सांगितलं म्हणून दोन उशा घेतल्या. चार-आठ दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. सहा वर्षं मी मानेवर इलाज करत राहिलो. त्या सहा वर्षांत कुणी माझा शर्ट काढून खांदा पाहिला नाही आणि मीही जुन्या दुखापतीचं कुणाला बोललो नाही. संपलेली गोष्ट कशाला सांगायची, असं वाटायचं.

आमच्या कार्यशाळेत एक वयस्कर फिटर होते. एकदा ते मला गाडीचं पुढचं चाक दाखवत होते. टायर आतल्या बाजूनं घासून गुळगुळीत झाला होता, बाहेरची नक्षी मात्र कोरी. ते म्हणाले, "भाऊ, टायर बदलून दिला तर तोही असाच खाऊन टाकंल ही गाडी. अलाइनमेंट गेली हिची." हे मी शंभर वेळा ऐकलेलं वाक्य. त्या दिवशी गळ्यातल्या पट्ट्यावर हात गेला आणि मी तिथंच थांबलो. सहा वर्षं मी टायरच बदलत होतो का?

आरशासमोरची दोन मिनिटं

२०१६ साली एका तरुण फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे गेलो. त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "काका, शर्ट आणि बनियन काढा आणि आरशासमोर उभे राहा. आता दोन्ही हात बाजूनं वर न्या, सावकाश."

डावा हात सरळ वर गेला. उजवा अर्ध्यावर जायच्या आतच खांदा कानाकडे उचलला गेला, मान डावीकडे कलली, कंबर वाकडी झाली, तेव्हा कुठं हात वर गेला. "काका, तुम्ही हात खांद्यानं उचलत नाही," त्या म्हणाल्या, "मानेनं उचलता." मग त्यांनी विचारलं, "हा खांदा कधी निखळला होता?" दहा वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला.

त्यांनी डोकं मागे आणि उजवीकडे झुकवून वरून हलका दाब दिला. हातात मुंग्या किंवा वीज गेल्यासारखी कळ येते का, हे त्या बघत होत्या. आली नाही, म्हणजे मानेतली नस दबल्याची खूण मिळाली नाही. मग माझा हात त्यांनी स्वतः धरून वर नेला. तो बऱ्यापैकी गेला. "आता मी सोडते, तुम्ही धरून ठेवा." हात थरथरत खाली आला. एमआरआय झाला, अस्थिरोग तज्ज्ञांनी तो पाहिला. हात उचलायला सुरुवात करून देणाऱ्या सुप्रास्पायनॅटस नावाच्या स्नायूचा दोर जुना फाटलेला, टोकं आक्रसलेली. इतक्या जुन्या फाटीला टाके घालून फार उपयोग होईल असं त्यांना वाटलं नाही. आधी व्यायाम करा, म्हणाले.

हात मानेला टांगलेला असतो

मॅडमकडे हाडांचा सांगाडा होता. त्याच्यासमोर त्यांनी मला जे समजावलं, ते मी माझ्या भाषेत सांगतो.

खुब्याचा सांधा उखळासारखा खोल असतो. खांद्याचा तसा नाही. दंडाच्या हाडाचं डोकं मोठं आणि ज्यात ते बसतं ती खोबणी बशीसारखी लहान, उथळ. म्हणून हात चारी दिशांना फिरतो आणि म्हणूनच तो निखळतोही. त्या मोठ्या गोळ्याला लहान बशीत धरून ठेवायचं काम चार स्नायू करतात. त्यांच्या जुडग्याला रोटेटर कफ म्हणतात. बशी असते पाठीवरच्या पसरट त्रिकोणी हाडाला, खवाट्याला. हा खवाटा फासळ्यांना हाडानं जोडलेला नाही. तो स्नायूंच्या गादीवर सरकतो. अख्ख्या हाताचा धडाशी हाडाचा सांधा एकाच जागी आहे, गळ्याच्या खाली, जिथं हासळीचं हाड छातीच्या हाडाला मिळतं तिथं. बाकी सगळा हात स्नायूंनी टांगलेला असतो.

कुठं टांगलेला असतो? एक मोठा स्नायू, ट्रॅपेझियस, कवटीच्या मागच्या बाजूपासून आणि मानेपासून सुरू होतो, पाठीच्या मध्यापर्यंत उतरतो आणि खांद्याच्या टोकाला जाऊन धरतो. दुसरा मानेच्या वरच्या चार मणक्यांपासून निघतो आणि खवाट्याच्या वरच्या कोपऱ्याला बांधलेला असतो. एका हाताचं वजन शरीराच्या साधारण ५ टक्के असतं. माझं वजन ७० किलो, म्हणजे साडेतीन किलोचा हात दिवसभर या दोरांवर लटकतो. तो हात स्टेअरिंगवर उचलून धरला, की भार कितीतरी वाढतो.

हात पूर्ण वर नेताना १८० अंश फिरतो. त्यातले साधारण १२० अंश खांद्याच्या सांध्यातून येतात आणि ६० अंश खवाटा फिरल्यामुळे. दोनास एक. या दोघांच्या तालाची मोजणी १९४४ साली अमेरिकेत झाली आणि आजही ती शिकवली जाते. आता सांध्यातला दोर फाटला किंवा सांधा आखडला, की १२० अंशांचं काम पुरं होत नाही. हात तर वर न्यावाच लागतो. मग खवाटा लवकर आणि जास्त उचलला जातो. त्याला उचलतात ते मानेपासून निघालेले स्नायू. पाहुण्यासारखं कधीतरी करायचं काम त्यांना रोज करावं लागतं. ते थकतात, ताठतात, त्यांच्यात गाठी येतात. माणूस म्हणतो, मान आखडली.

दुसरं, दुखऱ्या खांद्याला आपण नकळत जपतो. दंड अंगाशी घट्ट धरतो, खांदा वर चढवतो, डोकं एका बाजूला कलतं. घाटात आठ तास तसं बसलं, की मानेला ते आठ तास सोसावं लागतं. तिसरं, एका कुशीवर झोपता येत नाही, तर माणूस उरलेल्या एकाच कुशीवर रात्र काढतो आणि मान वाकडी राहते.

चौथी गोष्ट नसांची. मानेत सात मणके असतात आणि तिथून नसांच्या आठ जोड्या निघतात. खांद्याच्या बहुतेक स्नायूंना पाचव्या आणि सहाव्या नसेचे धागे जातात. तारा एकाच खांबावरून गेल्यात म्हटल्यावर बिघाड नेमका कुठं, हे मेंदूलाही चटकन ओळखता येत नाही. खांद्याचं दुखणं मानेकडे जाणवतं, मानेचं खांद्यात.

मी विचारलं, "मग माझा मणका खांद्यामुळे झिजला का?" त्या म्हणाल्या, "नाही काका, तसं मी म्हणणार नाही. पन्नाशीत एक्स-रे काढला तर ज्यांची मान कधी दुखलीच नाही, त्यांच्याही मणक्यात झीज दिसते. ती केस पिकण्यासारखी आहे. तुमचं रोजचं दुखणं त्या झिजेतून कमी आणि या थकलेल्या स्नायूंतून जास्त येतंय." मला हे उत्तर फार मोलाचं वाटलं. सहा वर्षं मी गॅप या शब्दाला भिऊन मान हलवायचीच सोडली होती.

उलटा रस्ता

हा रस्ता उलट्या दिशेनंही चालतो. आमच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या एक वहिनी आहेत. त्यांचा उजवा खांदा दुखायचा, अंगठ्याला आणि त्याच्या शेजारच्या बोटाला मुंग्या यायच्या. त्यांनी खांद्यात दोनदा इंजेक्शन घेतलं, उपयोग झाला नाही. त्यांची एक सवय होती. काम थांबलं की उजवा हात डोक्यावर ठेवून बसायच्या. सासूबाई रागवायच्या, भरल्या घरात डोक्यावर हात ठेवून बसू नये म्हणून. मी त्यांना मॅडमकडे पाठवलं. मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "हात डोक्यावर ठेवला की बरं वाटतं का?" वहिनी म्हणाल्या, "तेवढंच तर बरं वाटतं."

दुखणं मानेतलं होतं. हात डोक्यावर ठेवला की मानेतून निघणाऱ्या नसेवरची ओढ कमी होते आणि आराम पडतो. बिघाड खांद्यात असेल तर बहुधा उलट होतं, हात वर नेला की कळ वाढते. माझी वाढायची. एवढ्या एका खुणेवरून निदान होत नाही, पण कुठं शोधायचं हे कळतं. वहिनींच्या मानेवर इलाज झाला आणि खांदा थांबला. माझ्या खांद्यावर इलाज झाला आणि मान मोकळी झाली.

तिसरी तऱ्हा माझ्या घरातच घडली. बायकोला मधुमेह आहे. २०१८ साली तिचा डावा खांदा हळूहळू जाम झाला. केसांत फणी फिरवता येईना, हात पाठीमागे जाईना. याला फ्रोझन शोल्डर म्हणतात. हे नाव १९३४ साली कॉडमन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी दिलं. चाळिशी ते साठी या वयात, बायकांमध्ये जास्त आणि मधुमेह असेल तर आणखी जास्त. सांध्याभोवतीचं आवरण आधी दुखतं, मग आक्रसतं, मग महिन्यामहिन्यांनी सुटत जातं. याला वर्ष-दोन वर्षंही लागतात. तिला चौथ्या महिन्यात मानदुखी लागली, तेव्हा मात्र आम्ही पट्टा आणायला धावलो नाही. साखर आटोक्यात आणली, खांद्याचा व्यायाम धरला.

जिल्ह्याचे खांदे

हे कळल्यापासून मी रस्त्यावरची माणसं वेगळ्या नजरेनं बघतो. आमच्या जिल्ह्याचं पोट खांद्यावर चालतं.

कपाशीवर आणि सोयाबीनवर फवारणी करणारा माणूस बघा. पाठीवरच्या पंपात १६ लिटर पाणी, म्हणजे १६ किलो, त्यात पंपाचं वजन. पट्टे दोन्ही खांद्यांवर रुतलेले, एक हात दांडा वरखाली करतोय, दुसरा नळी धरून पुढे. एका दिवसात असे कितीतरी पंप. दांडा मारणारा खांदा आधी दुखतो, मान नंतर. कापूस वेचणाऱ्या बायकांची ओटी भरत जाते तशी खांद्याला आणि मानेला ओढते आणि मजुरी किलोवर असते म्हणून कुणी ती लवकर रिती करत नाही.

खामगावला १८७० साली जलंबहून रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठी. तेव्हापासून तिथल्या बाजारात माल चढतो-उतरतो आहे. मानेवर आणि पाठीवर पोतं घेऊन फळीवरून चढणारे हमाल मी बसमधून रोज बघायचो. एकाशी ओळख झाली. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली, मान डावीकडे. म्हणाला, "भाऊ, खांदा तर कधीचा गेला. आता मानीचं औषध चालू हाय." माझंच वाक्य त्याच्या तोंडून ऐकल्यासारखं वाटलं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९६७ सालीच शिफारस केली, की प्रौढ पुरुषाला हातानं ५५ किलोपेक्षा जास्त ओझं उचलायला लावू नये. १९६९ साली महाराष्ट्रानं माथाडी आणि हमाल कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. तरी क्विंटलची पोती उचलत आपल्याकडची एक पिढी म्हातारी झाली. पन्नास किलोचं पोतं ही हमालावरची मेहेरबानी नाही, त्याच्या म्हातारपणीच्या मानेची काळजी आहे, हे प्रत्येक व्यापाऱ्यानं आणि शेतकऱ्यानं समजून घ्यायला हवं. मीही शेतकरी आहे. आमच्या घरी आता साठचं पोतं भरत नाहीत.

ट्यूबची पट्टी

माझा व्यायाम साधा होता. पहिले तीन आठवडे फक्त झोका. डाव्या हातानं टेबल धरून पुढे वाकायचं, उजवा हात सैल सोडायचा आणि घड्याळाच्या लोलकासारखा हलवायचा. मग भिंतीवर बोटांनी चढायचं, आरसा समोर ठेवून. खांदा कानाकडे उचलला जातोय असं दिसलं की तिथंच थांबायचं, जबरदस्तीनं वर जायचं नाही. मग दोन्ही खवाटे मागे एकमेकांकडे ओढून पाच मोजायचे. हनुवटी मागे घेऊन मान उंच करायची. दोन महिन्यांनी ताकदीचा व्यायाम आला. त्याला रबरी पट्टी लागते. मी पंक्चरवाल्याकडून जुनी ट्यूब कापून आणली, खिडकीच्या गजाला बांधली, कोपर अंगाशी ठेवून ती आत-बाहेर ओढली. मॅडमनी हसून परवानगी दिली. ती पट्टी अजून तिथंच आहे.

गाडीतही बदल केले. सीट पुढे घेतली, म्हणजे कोपर वाकलेलं राहील आणि हात लांब ताणावा लागणार नाही. आरसे असे लावले की मान कमी वळवावी लागेल. घाट उतरला की स्टँडवर दोन मिनिटं खांदे मोकळे करायचे.

पट्टा तिसऱ्या आठवड्यात सुटला. पट्टा वाईट नाही. अचानक मान आखडली तर थोडे दिवस कामाचा आहे. पण महिनोन् महिने घातला तर मानेचे स्नायू काम विसरतात. मानेचं दुखणं चार महिन्यांत निम्म्याच्या खाली आलं, वर्षानं क्वचित उरलं. खांदा पूर्ण बरा झाला नाही आणि होणार नाही. माळ्यावरचं काही मी आजही उजव्या हातानं काढत नाही. पण नोकरीची शेवटची सहा वर्षं मी मान वळवून गाडी चालवली.

हा व्यायाम माझ्या खांद्याला बघून सांगितलेला होता. नुकताच निखळलेला खांदा, मोडलेलं हाड, ताजी फाट यांना तो चालणार नाही. आधी तपासून घ्या.

इथं थांबू नका

काही दुखण्यांना फिजिओथेरपीचीही वाट बघू नये. डावा खांदा, मान, जबडा दुखतोय आणि सोबत छातीत दडपण, घाम, धाप असेल तर ते हृदयाचं असू शकतं. तडक दवाखान्यात. चालताना तोल जातोय, पाय जड झालेत, शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळतात, लघवीवरचा ताबा सुटतोय, तर मानेतला मज्जारज्जू दाबला गेला असू शकतो. ताप, वजन घटणं, रात्रंदिवस न थांबणारी कळ, पडल्यानंतर अचानक हात उचलता न येणं, हेही त्याच दिवशी दाखवायचं. अशा वेळी मालिश करू नका आणि मान मोडून घेऊ नका. आपल्याकडे केस कापून झाल्यावर मान कडकन मोडून घ्यायची सवय आहे. ती सोडाच.

डॉक्टरांकडे मानेसाठी जाल तेव्हा तीन गोष्टी स्वतःहून सांगा: खांद्याला पूर्वी कधी मार लागला होता का, कोणत्या कुशीवर झोपता येत नाही आणि कोणतं काम करताना हात अडतो. वीस वर्षं जुनी गोष्ट असली तरी सांगा. मी ती सांगितली असती, तर माझी सहा वर्षं वाचली असती.

येत्या पोळ्याला बैलांचे खांदे शेकून झाले, की हळदीचे हात धुवा आणि आरशासमोर उभे राहा. दोन्ही हात बाजूनं सावकाश वर न्या. एक खांदा हाताच्या आधी कानाकडे धावत असेल तर मान दुखायची वाट बघू नका, खांदा दाखवून या. घरातल्या आईला, वडिलांना, शेतात येणाऱ्या मजुरालाही तसंच उभं करा आणि बघा. दोन मिनिटं लागतात.